बटण शून्यावर

“डोंगरदिवे, इकडे ये जरा. ही सुई बघ, मला वाकडी वाटतेय,” वऱ्हाडपांडे सर म्हणाले.

मी तेव्हा भुलीच्या यंत्रात औषध ओतत होते. बाटली उपडी धरून शेवटचे थेंब उतरायची वाट बघत होते. सरांची हाक आली तशी झाकण पिळून घट्ट केलं, बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि टेबलाशी गेले. सुई सरळच होती. सरांचा चष्मा घामाने घसरला होता, इतकंच.

टेबलावर सतरा नंबरचा ससा होता. पांढरा, नर, वजन दोन किलो सातशे, डाव्या कानात निळ्या शाईने १७ गोंदलेलं. पोट उघडलेलं, लिव्हरचा एक भाग ओल्या गॉजवर बाहेर घेतलेला आणि त्यात हरभऱ्याहून थोडी मोठी पांढरट गाठ. ती गाठ तीन आठवड्यांपूर्वी मीच तिथे लावली होती. आमचं काम तेच होतं. आधी गाठ लावायची, वाढू द्यायची, मग ती विजेच्या झटक्यांनी मारायची.

गाठीच्या दोन बाजूंना दोन सुया खोचायच्या आणि त्यांतून दोन हजार व्होल्टचे नव्वद झटके सोडायचे. एकेक झटका इतका छोटा, की मांस भाजत नाही. पेशींच्या सालीला मात्र बारीक भोकं पडतात, ती पुन्हा बुजत नाहीत आणि पेशी मरतात. शेजारची रक्ताची नळी शाबूत राहते. मोठ्या नळीला चिकटलेली गाठ सर्जन कापू शकत नाहीत, भाजूनही ती मरत नाही, कारण वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. अशी गाठ असलेल्या रोग्यांना डॉक्टर घरी पाठवून द्यायचे. सर तेव्हा म्हणत, यांच्यासाठी हा करडा डबा आहे. झटके देणाऱ्या यंत्राला आम्ही डबाच म्हणायचो.

ही नागपूरची गोष्ट, सोळा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. मी पशुवैद्य, सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते आणि जुलैच्या शेवटी माझी नोंदणी संपत होती. चोवीस सशांची परवानगी होती. पहिले सोळा जवळजवळ वाया गेले होते, कारण झटका बसला की सशाचं अख्खं अंग उडायचं आणि सुया हलायच्या. गाठ अर्धी मरायची, अर्धी जगायची. म्हणून सतरापासून स्नायू ढिले करणारं औषध द्यायचं ठरलं. ते दिलं की ससा बोटभरही हलत नाही. श्वासही घेत नाही, तो यंत्राने द्यावा लागतो. उरलेले आठ ससे नीट पार पडले, तर सरांना डुकरांवर काम करायची परवानगी मिळणार होती आणि मला पदवी.

सशाच्या डोक्याशी इंदूबाई उईके उभ्या होत्या. देवलापारच्या, पन्नाशीच्या, अकरा वर्षं आमच्या प्राणीघरात. पिंजरे धुणं, लसूणघास कापून घालणं, वजनं करणं ही त्यांची कामं. ऑपरेशनच्या खोलीत यायचं खरं तर त्यांना काही कारण नव्हतं, पण पहिल्याच सशाच्या वेळी त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “थो एकटा काहून राहीन? मी कान धरतो.” सर हसले आणि राहू दिलं. तेव्हापासून प्रत्येक सशाचा कान इंदूबाईंच्या दोन बोटांत असायचा.

मी स्नायू ढिले करणारं औषध दिलं. दोन मिनिटांत सतरा नंबर कापडाच्या घडीसारखा सैल पडला. सर खूश झाले. डबा सुरू केला. सशाच्या काळजाचा ठोका पडला की त्याच्या मागोमाग एक झटका, असे दहा झटके, मग थोडी उसंत, मग पुन्हा दहा. ससा हलला नाही, सुया जागच्या हलल्या नाहीत. मी मोजत होते. तीस झाले तेव्हा पडद्यावर ठोके दोनशेवीसवरून दोनशेसत्तरवर गेले होते. चाळीसला तीनशेच्या वर.

“मॅडम, थांबा जरा,” इंदूबाई म्हणाल्या. “हा जागा हाये.”

मी म्हटलं, जागा कसा असेल, भूल चालू आहे.

“कानातली नस पाहा कशी धावून राह्यली. डोयात पानी आलं त्याच्या.”

सरांनी मान वर न करता विचारलं, काय झालं. मी म्हटलं काही नाही सर, झटक्यांनी ठोके वाढलेत, वाढणारच. हे मी अगदी सहज म्हटलं आणि मला ते खरंही वाटत होतं. इंदूबाई खाली वाकल्या आणि सशाच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटत राहिल्या. मी पन्नास मोजले, साठ मोजले. नव्वदपर्यंत मोजले.

लिव्हर आत ढकलून सर हात धुवायला गेले आणि मी पोट शिवायला घेतलं. तिसरा टाका घालताना माझी नजर भुलीच्या यंत्रावर गेली. बटण शून्यावर होतं.

भूल किती सोडायची ते या बटणाने ठरतं. यंत्रात औषध भरायचं तर आधी ते शून्यावर न्यावं लागतं आणि भरून झालं की परत दोनवर आणावं लागतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवत असे. सरांनी हाक मारली, मी झाकण लावलं आणि बटण तसंच राहिलं. घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं झाली होती. एकोणीस मिनिटं सतरा नंबरला भूल नव्हती. होतं ते फक्त न हलण्याचं औषध.

ससा तसाही ओरडणारा प्राणी नाही. पण जिवावर बेतलं तर तो एकदा ओरडतो आणि ज्याने ते ऐकलं तो विसरत नाही. सतरा नंबरला तेवढंही करता आलं नाही. सकाळी त्याला वेदनाशामक सुई दिली होती, असं मी स्वतःला सांगितलं. गेली सोळा वर्षं मी ते सांगतेय आणि एकदाही मला ते पटलेलं नाही.

माझा हात पुढे गेला आणि मी बटण दोनवर आणलं. वर पाहिलं तर इंदूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी पुन्हा टाके घालू लागले.

भुलीचा एक तक्ता असतो. दर पाच मिनिटांनी त्यात ठोके, श्वास आणि बटणाचा आकडा लिहायचा. मी खुर्चीवर बसून तो पूर्ण केला. बटणाच्या ओळीत सगळ्या चौकटींत दोन, दोन, दोन, दोन. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

सतरा नंबर जगला. दोन दिवस त्याने गवताला तोंड लावलं नाही, कोपऱ्यात पाठ करून दात खात बसला. इंदूबाई त्याला सिरिंजने पातळ खाणं भरवायच्या. मी पिंजऱ्याशी गेले की तो मागच्या जाळीला चिकटायचा. आधी हाच ससा माझ्या बाहीची गुंडी चघळायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी नोंदी लांबूनच करू लागले. इंदूबाईंनी मला त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असंही मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

आठवडाभराने प्राण्यांच्या कल्याणासाठी नेमलेली समिती पाहणीला आली. वर्षातून दोनदा यायची. तीत आष्टनकर नावाचे एक बाहेरचे सदस्य होते, निवृत्त वनाधिकारी. बाकीचे कागद बघत तेव्हा हे पिंजऱ्यांमधून हिंडत. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय इंदूबाई, सगळं ठीक? आणि इंदूबाईंनी सांगून टाकलं, की सतरा नंबर जागा होता साहेब, पोट उघडं असताना जागा होता.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मला अजून आठवतं, त्यांनी “खरं काय आहे?” असं विचारलं नाही.

“तक्ता भरलेला आहे ना?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो सर.

“मग प्रश्नच नाही,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

समितीसमोर दुसऱ्या दिवशी बोलावलं. लांब टेबल, चार माणसं, थंड पाण्याचे ग्लास. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं, हे मला नीट ठाऊक होतं. काम थांबलं असतं, चौकशी झाली असती, जुलै निघून गेला असता. सहा वर्षं पाण्यात. खोटं बोलले तर काय होईल, याचा विचार मी केला नाही. माझ्यापुरतं बघितलं.

आधी इंदूबाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी कानातल्या नशीचं सांगितलं, डोळ्यातल्या पाण्याचं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, बाई, झटक्यांनीही ठोके वाढतात. इंदूबाई म्हणाल्या, “आन मॅडमनं नंतर बटन फिरवलं. म्या पाह्यलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, शस्त्रक्रिया संपत आली की आम्ही बटण थोडं कमी-जास्त करतो, इंदूबाईंना तेच दिसलं असेल. तक्ता पुढे सरकवला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. कोणी पुढे काही विचारलं नव्हतं. पण खाई त्याला खवखवे, मी बोलतच राहिले.

“इंदूबाईंचा सशांवर फार जीव आहे,” मी म्हणाले. “अकरा वर्षं त्यांनी लेकरांसारखं सांभाळलंय त्यांना. पोट उघडलेलं बघवत नाही त्यांना, आणि मायेपोटी माणसाला नसलेलं दिसतं. त्यांची चूक नाही. त्यांना आत येऊ दिलं ही आमचीच चूक.”

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी त्या दिवशी केलं, आणि तेही त्या बाईची स्तुती करत. आष्टनकरांनीही मान डोलावली. त्यांनी इंदूबाईंना अगदी हळुवारपणे विचारलं, बाई, तुमचा समज चुकला असेल का?

इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. वर्गातलं हुशार पोर सोपं गणित चुकलं की मास्तर बघतात, तसं त्यांनी पाहिलं.

“मॅडम शिकेल हायेत,” त्या म्हणाल्या. “थ्या म्हनतात तर तसंच असंन.”

कागदावर लिहिलं गेलं, ‘मायेपोटी गैरसमज’. इंदूबाईंना ऑपरेशनच्या खोलीत बंदी झाली. त्यांनी पिंजरे धुवावेत, ससा दारापर्यंत आणून द्यावा, आत येऊ नये. अध्यक्षांनी शेवटी विचारलं होतं, की भुलीच्या तपासणीचा काही नवा नियम करायला हवा का? सर म्हणाले, काही घडलेलंच नाही तर नियम कशाला? सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सर त्या दिवशी भलत्याच खुशीत होते. मी संध्याकाळी घरी जाऊन जेवले.

चार दिवसांनी अठरा नंबरची पाळी होती. इंदूबाई त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून दारापर्यंत घेऊन आल्या. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबल्या. मी ससा घ्यायला हात पुढे केले, पण त्यांनी तो लगेच दिला नाही. मला वाटलं आता बोलतील. मला दोन शब्द ऐकवले असते तर मला बरंच वाटलं असतं.

“मले खोटी म्हनलं त्याचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “माह्यं एक ऐका. थे ढिलं करायचं औषध देन्याआधी बटन किती वर हाये थे मोठ्यानं म्हना. मले आत येता नाई येत. मी इथं हुबी राहीन, मले ऐकू येईन. नाई ऐकू आलं तर मी दार वाजवीन.”

मी हो म्हटलं. त्यांनी ससा माझ्या हातात दिला.

मी यंत्र भरलं, सुया बसल्या, औषधाची सिरिंज हातात घेतली आणि यंत्राकडे पाहून मोठ्याने म्हणाले, “दोन.” सरांनी दचकून विचारलं, काय दोन? मी म्हटलं, सवय लावून घेतेय सर, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत विचारतात. दाराबाहेरून काही आवाज आला नाही. मग डबा सुरू केला.

एकोणीस, वीस, एकवीस. प्रत्येक वेळी मी “दोन” म्हणायचे आणि दारापलीकडे शांतता असायची. तिच्यावर माझा यंत्रापेक्षा जास्त भरवसा बसला. एकदाच, बावीस नंबरच्या वेळी, फोन वाजला आणि म्हणायचं राहिलं. लगेच दारावर थाप पडली. बटण दोनवरच होतं, पण मी “दोन” म्हटल्याशिवाय थाप थांबली नाही.

याच दिवसांत सतरा नंबरचे दिवस भरले. झटके दिल्यावर चौदाव्या दिवशी ससा शांतपणे मारून लिव्हर तपासायचं, असं ठरलेलं होतं. त्याला पिंजऱ्यातून मीच काढलं. भूल मीच दिली, तीनदा तपासली, बटण तीनदा वाचलं. त्याला आता त्याचा काय उपयोग होता? लिव्हरचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा सर उठून उभे राहिले. गाठीचा एकही जिवंत कण नव्हता आणि शेजारची रक्ताची नळी अगदी जशीच्या तशी. सोळा सशांत जे दिसलं नव्हतं ते सतरात दिसलं. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमच्या पेपरातलं पहिलं चित्र त्याच कापाचं आहे. अजूनही परिषदांमध्ये कोणी ना कोणी ते दाखवतं आणि मी पुढच्या ओळीत बसलेली असले तर लोक वळून माझ्याकडे बघून हसतात.

जूनमध्ये इंदूबाईंनी काम सोडलं. देवलापारला मुलीकडे जाते म्हणाल्या. निरोपाचा पेढा त्यांनी प्राणीघरात सगळ्यांना वाटला, मलाही दिला. तेवीस आणि चोवीस नंबरच्या वेळी दाराबाहेर कोणी नव्हतं. मी तरीही “दोन” म्हटलं.

पेपर लिहिताना पद्धतीचा भाग माझ्याकडे होता. कोणतं औषध किती, सुयांमधलं अंतर किती, व्होल्ट किती, झटके किती, सगळं बारकाईने लिहिलं. औषधाआधी बटणाचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्या माणसाने तो ऐकायचा, ही ओळ मी लिहिली होती. मग खोडली. ती वाचून कोणी विचारलं असतं, की याची गरज कशी काय सुचली?

पुढे मला पदवी मिळाली, सरांना डुकरं मिळाली. मी दुसऱ्या संस्थेत लागले, चांगलं चाललं. देवलापार नागपूरहून दीड तासावर आहे. मी तिथे कधी गेले नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी फोन आला. केतकी घुगे नावाची मुलगी, मूळची परभणीची, दक्षिणेकडच्या एका संस्थेत डुकरांच्या लिव्हरवर हेच काम करत होती. पेपरात माझं नाव वाचून आणि मराठी आडनाव बघून तिने नंबर मिळवला होता. आवाज बसलेला होता.

तिने आधी आमच्या पेपरचं कौतुक केलं. मग म्हणाली, “मॅडम, परवा माझ्याकडून एक झालं. यंत्र भरलं आणि बटण शून्यावरच राहिलं. झटके देऊन झाल्यावर लक्षात आलं. ते डुक्कर जागं होतं मॅडम, पूर्ण वेळ.”

मी उठून दार लावून घेतलं.

तिने त्याच दिवशी समितीला लेखी कळवलं होतं. काम थांबलं होतं, शिष्यवृत्तीचं वर्ष जाणार होतं. ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं, जणू ते फारसं महत्त्वाचं नव्हतं. तिला वेगळंच विचारायचं होतं. समितीने सांगितलं होतं, की पुन्हा असं होऊ नये म्हणून काय कराल ते लिहून द्या, आणि हे काम आधी केलेल्यांना विचारा.

“तुम्ही चोवीस ससे केलेत,” ती म्हणाली. “तुम्ही काही वेगळी काळजी घ्यायचात का?”

मी तिला सांगितलं. औषध देण्याआधी बटणाचा आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या माणसाने तो ऐकायचा आणि ऐकू आला नाही तर थांबवायचं. ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता.

“इतकं सोपं आहे हे,” ती म्हणाली. “आम्ही तुमच्या पेपरातली एकूणएक पायरी तशीच्या तशी केली होती, मॅडम. मग हे पेपरात का नव्हतं?”

“राहून गेलं,” मी म्हणाले.